नवं यंत्र आलं की नवी अडचण येते, तुमचा धंदा तिथं शोधा



सध्या मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच आहे. "सर, आता एआय आलंय. मग धंदा कोणता करू?" विचारणारा कधी नांदेडचा असतो, कधी उदगीरचा, कधी अहमदपूरचा. प्रश्न साधा वाटतो, पण त्यामागे भीती असते आणि ती खरी असते. घरात दोन-तीन लाख रुपये जमलेले असतात. कुणाच्या आईचे दागिने बँकेत असतात, कुणी एकरभर रान विकलेलं असतं. ते पैसे अशा मशीनमध्ये गेले की जे दोन वर्षांत कुणी विचारणारच नाही, तर पुन्हा उभं राहायला दहा वर्षं जातात. शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली मशीन तुम्हीही बघितली असतील.

या प्रश्नाचं उत्तर मी आज जरा वेगळ्या माणसाकडून घेणार आहे, सॉफ्टवेअर इंजिनिअरकडून. आपल्याकडे आता गल्लीत एक तरी पोरगा किंवा पोरगी पुण्याला नाही तर हैदराबादला सॉफ्टवेअरमध्ये असते. दिवाळीला घरी आलं की त्यांचे प्रश्न ऐका. "हा पैसे आले म्हणून बोलणारा डबा आतून चालतो कसा?" "लाइट गेल्यावर छतावरचं सोलर का बंद पडतं?" "उद्या सगळेच जण असं करायला लागले तर?" घरचे म्हणतात, जेव गपचूप. पण मित्रांनो, हे रिकामे प्रश्न नाहीत. धंदा शोधायला याच्याइतकं स्वस्त हत्यार दुसरं नाही.

गाडी बनवणारा वेगळा, पंक्चर काढणारा वेगळा

विज्ञानकथा लिहिणाऱ्यांमध्ये एक विचार जुना आहे. मोटारगाडी येणार हे सांगणं सोपं असतं. गाड्या आल्यावर रस्त्यावर कोंडी होणार हे ज्याला आधी दिसतं, तो खरा विज्ञानकथाकार.

आता हेच धंद्याच्या भाषेत बघा. गाडी बनवायला हजारो कोटी लागतात, ते आपलं काम नाही. पण गाडी आली की पंक्चर आलं, गॅरेज आलं, सीट कव्हर आलं, ड्रायव्हिंग स्कूल आलं, पार्किंग आलं, हायवेवरचा ढाबा आला. यंत्र मोठी कंपनी विकते. त्या यंत्रामुळे जी नवी अडचण तयार होते, ती गावात सोडवणारा माणूस गावातलाच लागतो.

एसटीडी-पीसीओ आठवतात का? पिवळा बोर्ड, काचेची खोली, वर लाल आकड्यांचं मीटर. नव्वदच्या दशकात एक बूथ घर चालवायचा. ३१ जुलै १९९५ रोजी देशातला पहिला मोबाइल कॉल झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बूथ संपले. पण सगळे बूथवाले संपले नाहीत. काहींच्या लक्षात आलं की माणसाकडे फोन आला, आता त्याला रिचार्ज लागेल. मग रिचार्ज. मग फोन दुरुस्ती आणि कव्हर. मग सरकारी कामं ऑनलाइन झाली आणि फॉर्म भरता येईना, मग झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवा केंद्र. दुकान तेच, गाळा तोच. जो बूथला चिकटून बसला तो गेला. ज्याने गिऱ्हाइकाच्या पुढच्या अडचणीकडे बघितलं तो राहिला.

कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारा मुलगा

याचं सगळ्यात मोठं मराठी उदाहरण म्हणजे क्विक हीलचे कैलास काटकर. मूळचे सातारा जिल्ह्यातले, वाढले पुण्यात. दहावीनंतर शिक्षण थांबलं. रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली. १९९० साली सुमारे १५ हजार रुपयांत स्वतःचं छोटं दुरुस्तीचं दुकान टाकलं. कामानिमित्त बँकांमध्ये जाणं होतं. तिथं त्यांना कॉम्प्युटर दिसला.

इथं दोन प्रकारची माणसं असतात. एक म्हणतो, "हे यंत्र आलं, आता आपल्या कॅल्क्युलेटरचं काय होणार?" आणि घाबरून बसतो. दुसरा विचारतो, "हे उघडून बघायला मिळेल का? हे बिघडलं की दुरुस्त कोण करणार?" काटकरांनी दुसरा प्रश्न धरला. कॉम्प्युटर दुरुस्ती शिकले. धाकटा भाऊ संजय यांना कॉम्प्युटरचं शिक्षण घ्यायला लावलं.

मग दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये एक गोष्ट दिसायला लागली. यंत्र चांगलं असायचं, पण फ्लॉपीतून आलेल्या व्हायरसने बंद पडलेलं असायचं. संजय यांनी त्यावर छोटे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातून १९९०च्या दशकाच्या मध्यात क्विक हील हे अँटिव्हायरस तयार झालं. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

या गोष्टीतून "दहावी पास माणूस कोट्यधीश झाला" एवढंच घेऊ नका. काटकरांनी कॉम्प्युटर बनवला नाही, कॉम्प्युटर आल्यामुळे आलेली अडचण पकडली. आणि ती त्यांना दिसली कारण ते दुरुस्तीच्या टेबलावर बसले होते. जिथं गोष्टी बिघडून येतात, तिथं उद्याचा धंदा सगळ्यात आधी दिसतो.

नारळीकर सरांकडून एक धंद्याची गोष्ट

विज्ञानकथा म्हटलं की मराठी माणसाला जयंत नारळीकर आठवतात. मोठे खगोलशास्त्रज्ञ. पुण्याची आयुका ही संस्था त्यांनी उभी केली. २० मे २०२५ रोजी ते गेले. त्यांच्या पहिल्या विज्ञानकथेची हकिकत प्रत्येक नव्या उद्योजकाने लक्षात ठेवावी अशी आहे.

मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण स्वतःच्या नावाने नाही. ज.वि.ना. ही आपली आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नारायण विनायक जगताप असं नाव घेतलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीच्या अक्षरात लिहून घेतली. कथेला पहिलं बक्षीस मिळालं, आणि ते नारळीकरांना मिळालं नव्हतं, कथेला मिळालं होतं.

आता तुम्ही काय करता? नवीन मसाला बनवला की आधी मावशीला देता, मग मित्राला देता. सगळे म्हणतात, "एक नंबर!" मावशी तुमच्या तोंडावर दुसरं काय म्हणणार? मग त्या "एक नंबर"वर तुम्ही ५०० पाकिटं छापून घेता आणि दुकानदार ती मागे ठेवतो. म्हणून पहिले दहा पाकीट अनोळखी माणसाला, पूर्ण किमतीला, तुमचं नाव न सांगता विकून बघा. दुसऱ्याच्या दुकानातून विका. पुन्हा घ्यायला किती जण आले ते मोजा. नारळीकरांना नाव बाजूला ठेवावंसं वाटलं, तर आपल्याला ठेवायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट. 'वामन परत न आला' या त्यांच्या कादंबरीत बुद्धिमान यंत्रमानव आहे. ती वाचताना यंत्र किती हुशार आहे यापेक्षा, हुशार यंत्र आल्यावर माणसांच्या जगाचं काय होईल हा विचार डोक्यात राहतो. एआय हा शब्द आपल्या गल्लीत यायच्या कितीतरी आधीची ही कादंबरी आहे. "हे यंत्र काय करतं" हे जाहिरात सांगते. "यामुळे माणसं काय करायला लागतील" हे तुम्हाला स्वतः शोधावं लागतं.

एकाच दिवशी दोन गोष्टी

आता आपल्या लातूरकडे या. ११ एप्रिल २०१६. मांजरा धरण कोरडं पडलेलं. त्याआधी मार्चमध्ये शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्या दिवशी मिरजेहून पाण्याचे टँकर वॅगन घेऊन रेल्वे निघाली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे लातूरला पोहोचली. आणि त्याच ११ एप्रिलला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांनी यूपीआयची सुरुवात केली.

एकीकडे रेल्वेने पाणी, दुसरीकडे फोनवरून पैसा. कथेत कुणी असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा जास्तच झालं. पण आपल्या भागात तंत्रज्ञान असंच येतं, एक पाय चंद्रावर आणि एक पाय हंड्याच्या रांगेत. म्हणून पुण्या-मुंबईतली आयडिया जशीच्या तशी इथं आणली की फसते, आणि इथल्या अडचणीवरचं काम इथल्याच माणसाला चांगलं जमतं.

या दोन गोष्टींवर इंजिनिअरचे चार प्रश्न लावून बघू. प्रत्येक धंद्याच्या कल्पनेला हे चार प्रश्न विचारायचेच.

पहिला प्रश्न: हे आतून चालतं कसं?

वजिराबाद असो की गंजगोलाई, प्रत्येक गाड्यावर आज क्यूआर कोड आहे. तो १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्हने मोटारींचे सुटे भाग ओळखायला बनवला. पेटंट होतं, पण ज्याला वापरायचा त्याला वापरू दिला, म्हणून तो जगभर पसरला. त्यात चूक दुरुस्त करण्याची सोय असते, त्यामुळे थोडा फाटला, मळला तरी वाचता येतो.

पण दुकानातल्या त्या स्टिकरमध्ये असतं काय? तुमचं नाव आणि यूपीआयचा पत्ता. बस्स. पैसे आले की नाही हे स्टिकरला कळत नाही. बोलणाऱ्या डब्यात बहुतेक वेळा सिमकार्ड असतं, बँकेकडून किंवा कंपनीकडून संदेश आला की तो बोलतो.

हे एवढं समजलं की तीन गोष्टी आपोआप कळतात. एक, गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट हा पुरावा नाही, तुमच्या खात्याचा संदेश हा पुरावा आहे. दोन, रात्री कुणी तुमच्या स्टिकरवर स्वतःचा स्टिकर चिकटवू शकतो, म्हणून सकाळी दुकान उघडलं की स्वतः एक रुपया पाठवून बघा. तीन, पैसे घ्यायला पिन लागत नाही. "पैसे पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवा.

आणि तो डबा आला कुठून बघा. भजी तळणाऱ्याचे हात पिठाचे, समोर गर्दी, फोन खिशात. पैसे आले का हे बघणार कोण? यूपीआयमुळे तयार झालेली ही अडचण होती आणि तिच्यावर आवाजाचा डबा हे उत्तर होतं.

दुसरा प्रश्न: आकडा मांडला तर काय दिसतं?

पाण्याच्या रेल्वेचं गणित करू. पहिल्या गाडीला १० वॅगन होत्या, त्यात सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. ऐकायला केवढं वाटतं! लातूर शहराची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ८३ हजार. भागाकार करा. माणशी १.३ लिटर. पुढे ५० वॅगनची गाडी आली, २५ लाख लिटर. माणशी साडेसहा लिटर, म्हणजे अर्धी बादलीसुद्धा नाही. ती रेल्वे गरजेची होती, त्या उन्हाळ्यात तिने धीर दिला. पण "२५ लाख" हा आकडा आणि "साडेसहा लिटर" हा आकडा, दोन्ही एकच आहेत. कोणता ऐकता त्यावर तुमचा निर्णय बदलतो.

मशीन विकणारा तुम्हाला नेहमी २५ लाखवाला आकडा सांगतो. "दिवसाला दोन क्विंटल निघतं सर!" तुम्ही साडेसहा लिटरवाला आकडा काढा. समजा २ लाखांचं मशीन आहे. किलोमागे सगळा खर्च जाऊन १० रुपये सुटतात. कर्जाचा हप्ता, भाडं आणि लाइट मिळून महिन्याला १५ हजार. म्हणजे नुसतं पाण्यावर राहायला महिन्याला १,५०० किलो, रोज ५० किलो माल विकला पाहिजे. तेव्हा कुठं तुमचा पगार सुरू होतो. आता सांगा बरं, रोज ५० किलो घेणारी दुकानं कोणती? नावं लिहा. पाच नावंसुद्धा लिहिता येत नसतील तर मशीन घेऊ नका, आधी दुसऱ्याच्या मशीनवर मजुरी देऊन माल करून घ्या आणि विकून बघा.

तिसरा प्रश्न: हे बंद पडलं तर?

सॉफ्टवेअरवाले हा प्रश्न दिवसभर विचारतात. सर्व्हर बंद पडला तर, नेट गेलं तर, गिऱ्हाइकाने उलटंच बटण दाबलं तर. आपण धंद्यात हा प्रश्न अपशकुनी मानतो. "शुभ बोल नाऱ्या" म्हणतो. पण आपल्या भागाने हा प्रश्न न विचारण्याची फार मोठी किंमत बघितली आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारी. भूकंपाच्या दृष्टीने हा भाग तेव्हा सुरक्षित समजला जायचा. दगड-मातीच्या जाड भिंती म्हणजे भक्कम घर, असाच सगळ्यांचा समज होता. त्याच भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या आणि लातूर-धाराशिवमधले जवळपास दहा हजार लोक गेले. जे आजवर झालं नाही ते होणारच नाही, असं धरून कुणीही चालू नये, एवढं त्या पहाटेने आपल्याला शिकवलं.

तुमच्या धंद्यात हे लहान प्रमाणात करा. उधारीची वही मोबाइलमध्ये आहे? मग फोन पाण्यात पडला तर? दर शनिवारी यादी दुसऱ्या फोनवर पाठवा, महिन्यातून एकदा कागदावर काढा. सगळा माल एकाच व्यापाऱ्याला जातो? त्याने पैसे तीन महिने अडकवले तर? सगळी विक्री इन्स्टाग्रामवरून होते? खातं बंद झालं तर गिऱ्हाइकांचे नंबर तुमच्याकडे आहेत का? या तीन ओळींची उत्तरं आज रात्रीच लिहा.

चौथा प्रश्न: लोक याचं करतील काय?

हा विज्ञानकथेचा प्रश्न आणि हाच सगळ्यात जास्त पैसे देणारा प्रश्न. इथं मी आपल्याच दोन जिल्ह्यांतली तीन उदाहरणं देतो.

पहिलं, सोयाबीन. आज लातूरच्या मोंढ्यातला भाव शेतकऱ्याच्या व्हॉट्सॲपवर बोलीनंतर लगेच येतो. म्हणजे भावाची अडचण सुटली का? नाही. अडचण पुढे सरकली. भाव माहीत असतो, पण माल नेल्यावर ओलावा निघतो, काडीकचरा निघतो आणि कपात होते. घरून निघताना शेतकऱ्याला आपल्या मालाचा ओलावा माहीत नसतो. आता इंजिनिअरसारखं गणित करा. १०० किलो सोयाबीनमध्ये १५ टक्के ओलावा आहे, तर कोरडा माल ८५ किलो. तोच माल १२ टक्क्यांवर सुकवला की वजन भरतं सुमारे ९६.६ किलो. म्हणजे क्विंटलमागे ३.४ किलो पाणी होतं. २०२५-२६चा हमीभाव ५,३२८ रुपये धरला तर ते सुमारे १८० रुपये. व्यापारी हेच गणित डोक्यात ठेवून बोलतो. हमीभावाच्या खरेदीत साधारण १२ टक्क्यांची मर्यादा असते. २०२४च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली होती, यावरूनच ओलाव्याचा प्रश्न केवढा आहे ते समजा.

मग गावात ओलावा मोजायचं यंत्र, चाळणी आणि वाळवायला फरशी किंवा ताडपत्री, एवढ्यावर हंगामी सेवा होऊ शकते. कट्ट्यामागे ठरावीक पैसे. शेतकऱ्याला मोंढ्यात जाण्याआधी कळेल की आज विकायचं की दोन दिवस वाळवायचं. मात्र यंत्र अधूनमधून दुसऱ्या चांगल्या यंत्राशी ताडून घ्या. तुमचा आकडा एकदा खोटा पडला की गाव पुन्हा येत नाही.

दुसरं, छतावरचं सोलर. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, त्यामुळे पॅनल भराभर बसतायत. बसवणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, तिथं गर्दी आहे. तुम्ही बसवल्यानंतरचं बघा. आपल्याकडे धूळ किती! धूळ बसली की वीज कमी. घरचे लोक बोअरच्या पाण्याने धुतात, क्षाराचे पांढरे डाग काचेवर बसतात. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारतात, ते धोक्याचं. आणि सगळ्यात जास्त तक्रार कुठली? "लाइट गेली की सोलरही बंद पडतं, फसवलं आम्हाला!" फसवलेलं नसतं. बॅटरी नसलेलं आणि लाइनला जोडलेलं सोलर मुद्दाम बंद होतं, नाही तर खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसेल. हे सोप्या मराठीत समजावून सांगणारा, सकाळी लवकर मऊ पाण्याने पॅनल धुणारा आणि महिन्याच्या युनिटची नोंद ठेवणारा माणूस हवा आहे. समजा घरामागे महिन्याला २५० रुपये आणि ४० घरं, तर १० हजार झाले. त्यातून पेट्रोल आणि पाणी वजा करा. एकट्यावर घर चालणार नाही, पण इलेक्ट्रिशियनचं काम करणाऱ्याला हा चांगला जोडधंदा आहे, आणि याच घरांतून पुढे इन्व्हर्टरची, वायरिंगची कामं येतात. छतावर दोर आणि पट्टा लावल्याशिवाय चढायचं नाही, हे मात्र पक्कं.

तिसरं, लातूरचा ट्यूशन एरिया. कोरोनात सगळे म्हणाले, आता शिकवणं मोबाइलवर आलं, पोरं लातूरला कशाला येतील? पोरं येतच राहिली. कारण लेक्चर फोनवर मिळतं, पण शांत खोली, वेळेवर जेवण, शेजारी अभ्यास करणारी चार पोरं आणि फोन काढून घेणारा कुणीतरी, हे फोनवर मिळत नाही. उलट फोनमुळेच अभ्यासिकेची गरज वाढली. आता अभ्यासिकांचीही गर्दी झाली आहे, म्हणून तिथं घुसण्याआधी पुढची अडचण शोधा. घरापासून लांब राहणाऱ्या पोराला ताप आला तर दवाखान्यात नेणार कोण? परभणीच्या आईला लेकरू जेवलं की नाही हे कळणार कसं? यातली एक अडचण सोडवणारी मेस शंभर मेसमध्ये वेगळी दिसेल.

मग एआयचं काय?

आता सुरुवातीच्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. एआय हे यंत्र आहे. ते बनवणं आपलं काम नाही आणि त्याला घाबरून बसणंही परवडणारं नाही. त्याने कोणत्या नव्या अडचणी येतायत ते बघा.

एआय दहा सेकंदांत जाहिरात लिहून देतं. सगळ्यांनाच देतं. म्हणून आता सगळ्यांच्या जाहिराती सारख्या दिसतात, आणि तुमच्या चुलीवरचा, तुमच्या हातातला, खऱ्या मालाचा साधा फोटो उठून दिसतो. एआय चुकीची गोष्टसुद्धा मोठ्या विश्वासाने सांगतं. जीएसटीची नोटीस आली आणि गिऱ्हाइकाने एआयला विचारून भलतंच उत्तर पाठवलं, तर ते निस्तरणारा जाणकार लागतो. नातेवाइकाच्या आवाजात खोटे फोन यायला लागले, म्हणून ओळखीच्या, समोर बसून बोलणाऱ्या माणसाची किंमत वाढली. ज्याचं काम फक्त टाइप करून देणं, फक्त भाषांतर करून देणं, फक्त डिझाइन चिकटवून देणं एवढंच होतं, त्याला धोका खरोखर आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. त्याने बूथवाल्यासारखं एक पाऊल गिऱ्हाइकाच्या पुढच्या अडचणीकडे सरकायचं, आणि ते आजच सरकायचं, धंदा चालू असताना.

सात दिवसांचं काम

आता वाचून सोडून देऊ नका. दहा रुपयांची वही घ्या आणि सात दिवस रोज हे करा.

१. दिवसभरात ऐकलेली एक तक्रार लिहा. बसस्टँडवर, दवाखान्यात, मोंढ्यात, किराणा दुकानात. माणसाने वापरलेल्याच शब्दांत लिहा.

२. त्यापुढे लिहा, ही तक्रार कोणत्या नव्या गोष्टीमुळे आली? फोन, सोलर, ऑनलाइन फॉर्म, नवा रस्ता, नवीन योजना.

३. हा माणूस आज ती अडचण कशी भागवतो आणि त्यात त्याचे किती पैसे किंवा किती तास जातात?

४. सातव्या दिवशी सातपैकी एक निवडा आणि त्याला वरचे चार प्रश्न लावा.

५. मग पाच हजार रुपयांच्या आत आणि पंधरा दिवसांच्या आत ती अडचण दहा अनोळखी माणसांसाठी सोडवून बघा. पैसे घेऊन. फुकट दिलेल्याला सगळेच चांगलं म्हणतात.

दहापैकी चार जण पुन्हा आले तर मुद्राचं, सीएमईजीपीचं कर्ज, मशीन, शेड या गोष्टी बोलायला या. दोघंही आले नाहीत तरी तुमचे पाच हजारच गेले, रान वाचलं, दागिने वाचले. वहीत अजून सहा तक्रारी शिल्लक आहेत.

आणि या दिवाळीला घरातला इंजिनिअर आला आणि विचित्र प्रश्न विचारायला लागला, तर त्याला गप्प करू नका. ती वही त्याच्या पुढे ठेवा आणि म्हणा, "बस, आता यावर बोल."

तुमच्या वहीतली पहिली तक्रार कोणती ते मला जरूर कळवा. भेटूया पुढच्या व्हिडिओत.